कडीपुढचा ब्लॉक: घळीत एकेरी दोरावर उतरताना कोणत्या गाठीवर भरवसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाच जणांचा गट, ८ मिमीचा नवा दोर, त्याचं आवरण कडक पॉलिस्टरचं, सोबत ६ मिमीची ओढदोरी, म्हणजे उतरून झाल्यावर मुख्य दोर खाली खेचायची बारीक दोरी. आजवर तुम्ही कॅरॅबिनरवर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्यावर) क्लोव्ह हिच मारून ब्लॉक करत आलात. ब्लॉक म्हणजे अँकरच्या, खडकातल्या पक्क्या आधाराच्या, कडीतून ओवलेल्या दोराच्या एका बाजूला कडीपुढे अडणारी गाठ किंवा कॅरॅबिनर: माणूस दुसऱ्या बाजूवर उतरतो आणि शेवटी ब्लॉकची बाजू, म्हणजे ओढायची बाजू, खालून खेचून दोर परत घेतात. गेल्या खेपेला चौघे उतरल्यावर पाचव्याने पाहिलं, तर हिच दोरावरच्या खुणेपासून चार बोटं सरकली होती. आता एक सोबती म्हणतो कॅरॅबिनर काढूनच टाकू, नुसती फिगर एटची गाठ कडीला टेकवू. दुसरा म्हणतो, उगीच घाबरताय. कोणाचं ऐकायचं?

घाबरताय म्हणणाऱ्याचं ऐकू नका. चार माणसांत चार बोटं सरकलेली हिच ही किरकोळ बाब नाही. ते तुमच्या नजरेला पडलं आणि तुम्ही थांबून विचारलंत, याचं मला मनापासून बरं वाटलं. पण कॅरॅबिनर काढून नुसती गाठ मारणाऱ्याचंही मी लगेच ऐकणार नाही, कारण अँकरला कडी कोणती होती हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ब्लॉक सुरक्षित आहे की नाही हे अर्धं गाठीवर ठरतं आणि अर्धं कडीवर. कडी न पाहता गाठ निवडणं म्हणजे भोक न पाहता बूच निवडणं.

आधी भाराचा हिशोब. बहुतेक वाद इथेच भरकटतात. ८० किलोचा माणूस शांतपणे उतरत असेल तर ब्लॉकवर साधारण ०.८ किलोन्यूटन भार येतो. तो हिसके देत, उड्या मारत उतरला तर दुप्पट, क्वचित त्याहून थोडा जास्त. ईएन १८९१ या युरोपीय मानकात बसणाऱ्या बी प्रकारच्या दोराची किमान ताकद १८ किलोन्यूटन असते आणि ए प्रकाराची २२. ते मानक ८.५ मिमीपासून सुरू होतं, त्यामुळे तुमच्या ८ मिमीच्या दोराची ताकद त्याच्या लेबलवर पाहा. गाठीमुळे त्यातले २० ते ४० टक्के गेले तरी उरतं ते आपल्या भाराच्या कितीतरी पट. म्हणून ‘एट जास्त ताकदीची की क्लोव्ह’ हा प्रश्न ब्लॉकच्या बाबतीत निरर्थक आहे. ब्लॉकच्या गाठीपाशी दोर तुटेल ही भीती बाळगू नका. ब्लॉक दगा देतो तो तीन प्रकारे: अख्खा ब्लॉक कडीतून निघून जातो, हिच दोरावर सरकते, किंवा माणूस चुकीच्या बाजूवर उतरतो. यांपैकी कशाचाही गाठीच्या ताकदीशी संबंध नाही.

कडीपासून सुरू करतो. घळीतल्या अँकरवर तुम्हाला तीन तऱ्हेच्या कड्या भेटतील: स्क्रूने बंद होणारा लांबट मेलॉन, वेल्ड केलेली गोल कडी, आणि कधी साखळीचा शेवटचा दुवा. ८ मिमीच्या मेलॉनचं तोंड अरुंद असतं, त्यात ब्लॉक छान अडतो. वेल्डेड कडी मात्र बोटभर रुंदही असू शकते आणि तीन बोटं आत जातील एवढी मोठीही. नावाने दोन्ही ‘रिंग’च.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन बोल्ट, मध्ये साखळी, खाली मोठी कडी. आम्ही ९ मिमीच्या दोराला फासाची साधी ओव्हरहँड गाठ मारून ब्लॉक केला. गाठ मुठीएवढी दिसत होती आणि कडीपुढे ऐसपैस बसली होती. पहिले दोघे उतरले. तिसऱ्याने आपला लॅनयार्ड (माणसाला अँकरशी बांधून ठेवणारी छोटी दोरी) सोडण्याआधी भार टाकला आणि मी सवयीने कडीकडे पाहिलं. गाठ कडीच्या तोंडाशी नव्हती, तोंडात होती. निम्मी आत शिरलेली, ओला दोर चपटा होऊन चकाकत होता, आणि मघाची मूठ आवळून जेमतेम अंगठ्याच्या दोन पेरांएवढी उरली होती. ओढायची बाजू दुसऱ्या बोल्टला ढिली बांधून ठेवली होती, म्हणून कोणी पडलं नसतं. पण शेवटच्या माणसाला तो आधारही काढूनच उतरायचं होतं.

त्या दिवसापासून गाठ मारली की मी तिच्या दोन्ही बाजू आणि फास एकेक करून जीव खाऊन आवळतो आणि मगच ती कडीशी लावून पाहतो. सैल गाठ आकाराबद्दल खोटं बोलते. नंतर अंगठ्याने ब्लॉक कडीत ढकलतो, सरळ, तिरका, आडवा करून. कुठल्याही कोनात त्याचा कुठलाही भाग आत घुसू पाहत असेल तर तो ब्लॉक त्या कडीसाठी नाही. आणि असं झालं तर गाठ मोठी करण्यापेक्षा कडी लहान करणं बरं. मी नेहमी दोन स्टीलचे मेलॉन सोबत ठेवतो. मोठ्या कडीत स्वतःचा मेलॉन अडकवायचा, स्क्रू पान्याने घट्ट करायचा आणि दोर त्यातून ओवायचा. तो मागे राहतो, राहू द्या.

आता तुमची क्लोव्ह हिच. लहानपणी स्काउटमध्ये जी खुंटगाठ शिकवतात तीच ही. खांबावर किंवा कॅरॅबिनरवर दोन वेढे, आणि दोन्ही दोर वेढ्यांच्या मधून, वरून जाणाऱ्या तिरक्या पट्टीखालून बाहेर. ती चांगली गाठ आहे. पण तिची पकड दोराच्या मऊपणावर आणि दोन्ही बाजूंच्या ताणावर अवलंबून असते. ब्लॉकमध्ये ताण फक्त एका बाजूला असतो. ओढायची बाजू नुसती लोंबकळत असते, तिच्यावर फार तर स्वतःचं वजन. त्यात दोर नवा, कडक, बारीक आणि गुळगुळीत आवरणाचा. असा दोर वेढा घेताना कॅरॅबिनरला मिठी मारत नाही, स्प्रिंगसारखा फुगून उभा राहतो. उतरणारा जरा उसळला की वेढा मिलिमीटरभर ढिला होतो आणि तेवढा दोर आत घेतो. चौघे उतरले, प्रत्येकाने वीस-पंचवीस वेळा उसळी दिली. चार बोटांचा हिशोब लागला.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. दोन वेढ्यांऐवजी तीन घ्या: ज्या बाजूवर भार येणार त्या बाजूला एक जादा वेढा, मग तिरकी पट्टी, मग शेवटचा वेढा. पकडीत जाणवण्याइतका फरक पडतो. काही जण याच जागी कन्स्ट्रिक्टर वापरतात, म्हणजे क्लोव्हमध्येच एक टोक पट्टीखालून आणखी एकदा पिळून घेतलेलं. ती घट्ट धरते यात वाद नाही, पण भार येऊन गेल्यावर ओल्या दोरात, थंड बोटांनी ती सोडवताना फार छळते. दिवसात दहा-बारा उतार असतील तर मी तीन वेढ्यांवरच राहतो.

एवढ्यावर मात्र थांबू नका. हिचच्या मागे, ओढायच्या बाजूला, वीतभर अंतरावर फिगर एटचा छोटा फास मारा आणि तो त्याच कॅरॅबिनरमध्ये अडकवा. आता हिच सरकली तरी ती या फासापर्यंतच सरकेल आणि थांबेल. ब्लॉक थोडा जाड होतो, ओढताना अडकायची शक्यता किंचित वाढते. तुमच्या दोरावर तो तोटा पत्करण्याजोगा आहे.

कॅरॅबिनर कसा बसतो हेही पाहायला हवं. वेढे त्याच्या कण्यावर, म्हणजे उघडणाऱ्या गेटसमोरच्या अखंड बाजूवर, मधोमध. गेट कडीच्या विरुद्ध दिशेला, स्क्रू पूर्ण फिरवलेला. कण्याने कडीच्या तोंडावर आडवं पडायला हवं, दाराला अडसर लावतात तसं. ईएन १२२७५ नुसार साध्या कॅरॅबिनरला लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन सोसावे लागतात, आडव्या दिशेने फक्त ७. आपल्या भाराला ७ सुद्धा पुष्कळ आहेत, पण ते कॅरॅबिनर कणा आणि गेट यांच्या दिशेने सरळ ओढला जात असेल तेव्हाचे. कॅरॅबिनर खडकाच्या कडेवर टेकला आणि एका टोकाखाली काहीच नसलं तर तो तरफेसारखा वाकवला जातो, आणि त्या भारासाठी तो घडवलेलाच नाही. त्यामुळे अँकर अगदी कडेवर आहे, कडी खडकावर लोळतेय, अशा ठिकाणी मी कॅरॅबिनर ब्लॉक करत नाही. कडी मोकळी लोंबत असेल तरच करतो. आणि कडी मोठी असेल तर आडवा कॅरॅबिनरही हळूहळू तिरका होत लांबीत आत शिरू शकतो, हे विसरू नका. लोकांना वाटतं धातू आहे, जाईल कुठे. पण बोटभर जाडीची वस्तू लांबीत घुसायला तीन बोटांचं भोक पुरेसं असतं.

क्लोव्हबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. संध्याकाळ, हातमोजे ओले, गटातल्या एका अनुभवी मुलीने ब्लॉक लावला. मी शेजारी उभा होतो, दोन वेढे दिसत होते, ठीक वाटलं. तिने लॅनयार्डवर राहूनच दोरावर वजन टाकलं आणि दोर सर्रकन हातभर कडीतून खाली गेला. दुसरा वेढा घालताना फास उलटा पिळला गेला होता आणि क्लोव्हची मंटर झाली होती, तीच मंटर जी आपण माणूस खाली सोडायला वापरतो. कॅरॅबिनरवर या दोन गाठी सख्ख्या बहिणी दिसतात, फरक फक्त एका पिळाचा. तपासायचं कसं? दोन्ही दोर एकाच पट्टीखालून, वेढ्यांच्या मधून, विरुद्ध दिशांना बाहेर पडताहेत का ते पाहायचं. पट्टी कण्यावर स्पष्ट तिरकी दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर सोडा आणि पुन्हा मारा. त्या मुलीचा लॅनयार्ड अँकरला होता म्हणून ती गोष्ट मी आज शांतपणे सांगू शकतो.

आता नुसत्या गाठीचा ब्लॉक. कडी अरुंद मेलॉनची असेल तर तो उत्तम चालतो आणि खडकाच्या कडेवर तोच बरा. फिगर एटचा फास ओव्हरहँडपेक्षा जाड होतो, फिगर नाइन त्याहून जाड. पण या ठिकाणी एटची एक बारीक अडचण आहे. एटचा फास मुळात फासात भार घेण्यासाठी असतो. ब्लॉकमध्ये फास रिकामा असतो, भार येतो तो दोन बाहेरच्या दोरांपैकी एकावर, आणि कडी गाठीच्या तोंडावर दाबते. म्हणजे गाठीच्या दोन पायांना एकमेकांपासून फाकवणारा जोर. दोन दोर शेजारी धरून मारलेली एट अशा जोराखाली उलटत उलटत शेपटाकडे गडगडत जाते. दोर जोडायला ती वापरू नये असं सगळीकडे शिकवतात, ते याच कारणाने, आणि तिने माणसं गेली आहेत. ब्लॉकमध्ये दुसऱ्या बाजूला ताण जवळजवळ नसल्याने जोर कमी असतो, पण फास टीचभर ठेवला तर माझं मन तयार होत नाही. फास किमान वीतभर ठेवा, गाठीचे दोर एकमेकांवर न चढता समांतर बसवा.

माझा स्वतःचा कल बटरफ्लायकडे आहे. ती दोराच्या मधल्या भागात, दोन्ही दिशांनी ताण येईल असं धरूनच मारायची गाठ आहे. फाकवल्याने ती उलटत नाही, आकार भरीव, आणि सगळ्यात सुखाची गोष्ट म्हणजे पाच जणांचा भार घेऊनही ती अंगठ्यांनी दोन पाकळ्या मागे मोडल्या की सुटते. ती हातावर तीन वेढे घेऊन मारायला शिका, डोळे मिटून जमेल.

गाठ कोणतीही असो, तिच्या फासात लॉकवाला कॅरॅबिनर घाला आणि तो उतरायच्या दोरावर, कडीच्या पलीकडे, अडकवा. आता गाठ कडीतून निसटली तरी फास कडीला वळसा घालून उतरायच्या दोराला धरून राहतो, बंद वर्तुळ तयार होतं. ही युक्ती फार जुनी आणि फार भरवशाची आहे. तोटा एकच: दोर ओढताना तो कॅरॅबिनर दोरावरून घसरत येतो, दोर पिळलेले असतील तर तिथे अडतो. म्हणून लांब उतारावर तो ठेवायचा की काढायचा हे शेवटचा माणूस आधीच्या चौघांच्या भाराखाली ब्लॉक कसा वागला ते पाहून ठरवतो. वीस मीटरच्या आतल्या उतारावर मी तो ठेवतोच.

तुमच्या ६ मिमीच्या ओढदोरीबद्दल. मुख्य दोर आणि ओढदोरी जिथे जोडता, तीच गाठ कडीला टेकवून ब्लॉक म्हणून वापरण्याचा मोह होतो. एका गाठीत दोन कामं! नका करू. ८ आणि ६ मिमीचे दोर एकत्र बांधलेली चपटी गाठ छोटी असते, दोन जाडींमुळे नीट आवळत नाही, आणि तिच्यावर कडीचा दाब आला की बारीक दोर जाड दोरातून वाट काढू पाहतो. ब्लॉक नेहमी मुख्य दोरावर असू द्या आणि ओढदोरी त्याच्यामागे हातभर अंतरावर वेगळी जोडा. मग जोड निसटला तर फक्त ओढदोरी जाते, माणूस जात नाही. ओढदोरी डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या गाभ्याची असेल तर ती साबणासारखी निसरडी असते. तिथे जोडायला डबल फिशरमन गाठीऐवजी ट्रिपल मारा आणि शेपटं लांब ठेवा.

इथवर गाठी झाल्या. पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती चुकीच्या बाजूवर उतरणाऱ्या माणसाची. ब्लॉक अचूक असतो, कडी अचूक असते, आणि दमलेला माणूस आपला डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) ओढायच्या बाजूवर लावतो. कडीतून दोन दोर लोंबतात, दोन्ही एकाच रंगाचे. तो मागे रेलतो आणि दोर आडकाठीशिवाय कडीतून पळत सुटतो. या चुकीने अनुभवी माणसंही गेली आहेत; नवख्यांवर निदान कोणाची तरी नजर असते. म्हणून आम्ही एकच वाक्य म्हणतो आणि प्रत्येक जण ते मोठ्याने म्हणतो: ब्लॉक आणि माझा डिसेंडर यांच्यामध्ये कडी आहे. म्हणताना बोट ब्लॉकवर ठेवायचं, तिथून कडीवर, तिथून डिसेंडरवर. बोट दोरावरून न उचलता हा प्रवास झाला आणि मध्ये कडी लागली, तर बाजू बरोबर. याच्या जोडीला, शेवटचा माणूस उरेपर्यंत ओढायची बाजू पिशवीतच ठेवा आणि पिशवी अँकरला टांगा. जो दोर लोंबतच नाही त्याच्यावर कोणी उतरणार नाही. आणि लॅनयार्ड सोडण्याआधी प्रत्येकाने पूर्ण वजन टाकून, एकदा उसळून पाहायचं. वर सांगितलेल्या दोन्ही प्रसंगी चूक याच पायरीवर पकडली गेली.

पहिले चौघे उतरत असताना ब्लॉकला आधार द्या: ओढायच्या बाजूला एक गाठ मारून ती दुसऱ्या बोल्टला किंवा वेगळ्या अँकरला अडकवा, पण ढिली, म्हणजे भार ब्लॉकवरच येईल आणि ब्लॉकची खरी परीक्षा होईल. आधार ताणून बांधलात तर चौघांनी आधाराची परीक्षा घेतली आणि पाचवा न तपासलेल्या ब्लॉकवर उतरला, असं होतं. सगळ्यात जड माणूस आधी, हलका शेवटी. हलक्याने आधार काढायचा, ब्लॉक पुन्हा एकदा अंगठ्याने दाबून पाहायचा आणि मगच दोरावर जायचं.

तुमच्या घळीत वाहतं पाणी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर वरचा सगळा मजकूर शेवटच्या माणसापुरता धरा, कारण बाकीच्यांसाठी ब्लॉकच वेगळा हवा. आपल्या भाषेत निरगाठ आणि सुरगाठ असा फरक आहे: एक बसली की बसली, दुसरी शेपूट ओढलं की सुटते. आतापर्यंत बोललो ते सगळे ब्लॉक निरगाठीच्या जातीचे, भार असताना न सुटणारे. धबधब्याखाली माणूस अडकला, कोणाचे केस किंवा टी-शर्टचा काठ डिसेंडरमध्ये गेला, तर वरच्याच्या हातात काहीच उरत नाही. पाण्याच्या माऱ्याखाली आणि थंडीत अडकलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो. तिथे सुरगाठीच्या जातीचा ब्लॉक लागतो, भार असतानाच सोडून माणसाला खाली घेता येईल असा. त्यासाठी फिगर ऑफ एट, म्हणजे गाठ नव्हे, आठच्या आकाराचं उतरायचं धातूचं साधन, कडीला अडवतात, दोर तिच्या मोठ्या डोळ्यातून काढून मानेवर चढवतात, वर एक-दोन वेढे घेतात, मग फासाने बांधून त्यावर एक राखणगाठ मारतात. किंवा अँकरच्या कॅरॅबिनरवर मंटर, तिच्यावर म्यूल ही भार असतानाही सुटणारी गाठ आणि वरून ओव्हरहँड, हाही मार्ग आहे. त्यात दोर कडीला अडत नाही, कॅरॅबिनरवर धरलेला असतो.

हिशोब सोपा आहे. उतार २५ मीटर, दोर ६० मीटर. खाली २५ सोडले, वर ३५ पिशवीत. माणूस कुठेही अडकला तरी त्याला तळापर्यंत सोडायला दोर पुरून उरतो. निरगाठीचा ब्लॉक करून तेच ३५ मीटर ओढायची बाजू म्हणून खाली फेकले असतील, तर ते तिथे नुसते लोंबत राहतील.

सुटणाऱ्या ब्लॉकचे आणखी दोन फायदे आहेत. पाण्यात दोराचं टोक जेमतेम पाण्याला टेकेल एवढंच ठेवायचं असतं, कारण जादा दोर भोवऱ्यात पायाला वेढतो आणि पोहणाऱ्याला बुडवतो. पहिला माणूस खाली पोचून खूण करतो, वरचा ब्लॉक थोडा सोडून किंवा ओढून लांबी जुळवतो. आणि दोर एखाद्या धारदार कडेवरून जात असेल तर प्रत्येक माणसामागे तो वीतभर खाली सोडायचा, म्हणजे आवरण एकाच जागी घासत नाही. शेवटचा माणूस हा ब्लॉक काढून निरगाठीच्या जातीचा ब्लॉक लावतो आणि उतरतो. ती अदलाबदल अगदी शेवटी, एकट्याने करायची असते. म्हणून शेवटचा माणूस हलका असावा, पण गाठींमध्ये सगळ्यात पक्का.

राहिलं दोर परत ओढणं. ब्लॉक ओढायच्या बाजूवर असतो, म्हणजे खालून ओढलं की तोच सगळ्यात आधी कडेवरून खाली येतो. मऊ वालुकाश्मात, अमेरिकेतल्या यूटाच्या अरुंद घळींत हे फार दिसतं, वर्षानुवर्षांच्या दोरांनी कडेवर बोटभर खोल चर पाडलेले असतात. त्यात कॅरॅबिनर आडवा अडकला की खालून कितीही ओढा, अजूनच रुततो. अशा ठिकाणी मी बटरफ्लाय निवडतो आणि शेवटी उतरताना दोन्ही दोर चरातून बाहेर काढून सपाट कडेवर ठेवतो. शेवटचा माणूस वर लॅनयार्डवर असतानाच खालच्याने दोर हातभर ओढून पाहावा. ब्लॉक कडीपासून सुटून हलला तर ठीक. नाही हलला तर वर माणूस आहे तोवरच जागा बदला. ओढताना त्याच्या खाली उभे राहू नका, कॅरॅबिनर डोक्याच्या उंचीला येईपर्यंत चांगला वेग घेतो.

तुमच्या दोराला, पाच माणसांना, कोरड्या घळीत आणि मोकळ्या लोंबणाऱ्या अरुंद कडीवर मी असं करीन: लॉकवाला मोठा कॅरॅबिनर, कण्यावर तीन वेढ्यांची क्लोव्ह, मागे एटचा फास त्याच कॅरॅबिनरमध्ये, आणि त्यामागे हातभर अंतरावर ओढदोरी. कडी खडकावर टेकलेली असेल तर बटरफ्लाय, फासातला कॅरॅबिनर उतरायच्या दोरावर. कडी मोठी असेल तर आधी मेलॉन. पाणी वाहत असेल तर पहिल्या चौघांना फिगर ऑफ एटचा ब्लॉक.

घळीत जाण्याआधी तीन वेढ्यांची हिच आणि तुमची जुनी हिच, दोन्ही जमिनीपासून हातभर उंचीवर टांगलेल्या मेलॉनवर लावून पाहा. दोर भिजवून घ्या, हिचच्या दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा आणि प्रत्येकीवर गटातल्या सगळ्यात जड माणसाला पन्नास उसळ्या मारायला लावा. मग खुणा मोजा. तुमच्याच दोरावरचा तो आकडा मी इथे लिहिलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा तुमच्या जास्त कामाचा आहे. तिसरा वेढा घेऊनही खूण सरकत असेल तर त्या दोरावर क्लोव्ह वापरू नका, बटरफ्लायवर जा.